पाच लायसन्स आली, आता बिम कुठून सुरू करायचं?

तुमचं ऑफिस नाशिकला, माणसं पस्तीसच्या आसपास, आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चर एकाच छताखाली, एमईपी (एसी, वीज, प्लंबिंग अशा सर्व्हिसेस) मात्र बाहेरच्या कन्सल्टंटकडे. बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, इमारतीच्या प्रत्येक भागाची माहिती भरलेलं थ्री-डी मॉडेल करून त्यावरून काम करणं. साहेबांनी त्यासाठीच्या रेव्हिट सॉफ्टवेअरची पाच लायसन्स घेतली, 'तीन महिन्यांत सगळी कामं बिममध्ये' असं मीटिंगमध्ये सांगून टाकलं आणि त्याचा आराखडा बनवायचं काम तुमच्या गळ्यात घातलं. आता तुम्ही विचारताय, सॉफ्टवेअर योग्य आहे का, ट्रेनिंग कुणाला द्यायचं, बाहेरून माणूस घ्यायचा का, आणि तीन महिन्यांनी साहेबांना दाखवायचं काय.

मी पुण्यात चौदा वर्षं हेच काम करतोय. दोन ऑफिसांत बिम आणायचा प्रयत्न केला, पहिल्या ठिकाणी साफ फसला, दुसऱ्या ठिकाणी टिकला. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं फसलेल्या ऑफिसातून शिकलेलं आहे.

सॉफ्टवेअरचा प्रश्न आधी उरकतो. रेव्हिट ठीक आहे. घेतलंच आहे तर त्यावर आता डोकं लावू नका. तुमची अडचण तिथे नाहीच. तुमच्या ऑफिसात निर्णय कोण घेतो आणि कधी घेतो, हे मॉडेल सुरू झाल्यावर बदलावं लागतं, आणि ते बदलायचं कुणीच ठरवलेलं नाही. लायसन्स विकत मिळतं. निर्णय वेळेवर मिळायची सोय ऑफिसातच करावी लागते.

ऑटोकॅडमध्ये दोन समांतर रेषा मारल्या की भिंत झाली. तिची जाडी किती, एवढं कळलं की पुरतं. रेव्हिटमध्ये तीच भिंत काढायला गेलं की विटेची की ब्लॉकची, वर बीमच्या तळाला थांबणार की स्लॅबला, प्लास्टर दोन्ही बाजूंनी आहे का, हे कुणाला तरी सांगावं लागतं. आपल्याकडे बहुतेक ऑफिसांत हे प्रश्न साइटवरून मिस्त्रीचा फोन आला की सुटतात. तोपर्यंत कुणी विचारलेलेच नसतात. मॉडेल करणारा पोरगा ते पहिल्याच आठवड्यात विचारतो. सीनियर म्हणतात, 'तू आत्ता काहीतरी टाक, नंतर बघू.' तो काहीतरी टाकतो. सहा महिन्यांनी ते 'काहीतरी' क्वांटिटीत, म्हणजे मालाच्या मोजमापात जातं आणि सगळे म्हणतात, बिम चुकलं.

एक प्रसंग नीट सांगतो, कारण साहेबांना पटवायला तो उपयोगी पडेल. हॉस्पिटलचं काम होतं, मजल्याची उंची ३.६ मीटर. कॉरिडॉरवरून आडवा जाणारा बीम ६०० मिमी खोल, म्हणजे बीमखाली उरले ३ मीटर. फॉल्स सीलिंग २.७ मीटरवर. सर्व्हिसेसना मिळाले ३०० मिमी. एसीवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये २५० मिमी उंचीचा डक्ट, वरखाली २५-२५ मिमी इन्सुलेशन, बरोबर ३००. बसतो. प्लंबिंगवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये टॉयलेटकडून शाफ्टकडे जाणारा ११० मिमीचा पाइप, १५ मीटर लांब, त्यावर बाण आणि 'स्लोप १:१००'. १५ मीटरला १५० मिमी उतार, पाइप धरून २६०. तोही बसतो. दोन्ही ड्रॉइंग आपापल्या जागी बिनचूक, दोन्हींवर सह्या. पण त्याच कॉरिडॉरमध्ये दोघं एकमेकांना ओलांडतात, आणि एकाच्या पोटात दुसरा गेल्याशिवाय ते शक्य नाही. प्लॅनमध्ये हे दिसत नाही, कारण प्लॅनमध्ये बाणाला उंची नसते.

मॉडेलमध्ये दिसलं. पण पुढचं ऐका. दिसल्यावर पाइप हलवायचा की डक्ट, हे ठरवायला आम्हाला पाच आठवडे लागले. आर्किटेक्ट म्हणाले सीलिंग खाली येणार नाही, आरसीसीवाले म्हणाले बीममध्ये स्लीव्ह (पाइप जायला आधीच ठेवलेलं भोक) देणार नाही, बाकी दोघं म्हणाले आमचं ड्रॉइंग मंजूर आहे. तेवढ्यात साइटवर त्या स्लॅबचं शटरिंग लागलं. शेवटी कोअर कटिंग, म्हणजे ओतलेल्या काँक्रीटला भोक पाडणं, झालंच, मॉडेल असूनसुद्धा. चूक दाखवून द्यायचं काम मॉडेलने केलं होतं. दाखवल्यावर कुणी, किती दिवसांत ठरवायचं हे आमच्या कुठल्याच आराखड्यात नव्हतं. म्हणून तुमच्या आराखड्याचं पहिलं पान सॉफ्टवेअरचं करू नका. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी कोऑर्डिनेशन मीटिंग, तिथे निर्णय देणाऱ्या एका माणसाचं नाव, आणि निर्णय किती दिवसांत यायचा, एवढं त्या पानावर पाहिजे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते कबूल करतो. तुमचे क्लायंट कोण, यावर बरंच ठरतं. नागपूर मेट्रोत फाइव्ह-डी बिम (मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चही जोडलेलं) वापरलं गेलं, पण तिथे मालकालाच ते हवं होतं. बांधून झाल्यावर तीच संस्था ते सगळं वर्षानुवर्षं चालवणार आहे. फ्लॅट विकून मोकळ्या होणाऱ्या बिल्डरला मॉडेलचं तेवढं अप्रूप नसतं. त्याला साइट थांबू नये आणि स्टीलचा हिशेब जुळावा, एवढंच हवं असतं. त्याला तेवढंच द्या. दुसरं म्हणजे महापालिकेची मंजुरी. आपल्याकडचं सबमिशन ठरावीक लेयरच्या टू-डी ड्रॉइंगवर चालतं. रेव्हिटमधून काढलेलं ड्रॉइंग त्या लेयरमध्ये नीट बसवायला वेळ जातो आणि चिडचिड होते. पहिल्या कामाला सबमिशन ड्रॉइंग सरळ कॅडमध्येच करा, तिथे तत्त्व वगैरे मध्ये आणू नका. मात्र वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे साइटवर बांधायला द्यायचं ड्रॉइंग, एकदाही कॅडमध्ये करायचं नाही. हा फरक का, ते आमच्या पहिल्या ऑफिसच्या गोष्टीतून कळेल.

त्या ऑफिसात आम्ही कोपऱ्यात काचेची केबिन करून 'बिम सेल' काढला होता. दोन हुशार पोरं आत, बाहेर बाकीचं ऑफिस नेहमीसारखं ऑटोकॅडवर. बाहेर ड्रॉइंग तयार झालं की आत त्याचं मॉडेल. चौथ्या महिन्यात साइटवर पाचवी रिव्हिजन गेली होती आणि मॉडेलमध्ये तिसरी होती. त्या मॉडेलवरून काढलेल्या चुका आधीच कुणीतरी फोनवर सोडवलेल्या असायच्या. आर्किटेक्ट मंडळींनी ते एकदाही उघडलं नाही, आणि का उघडावं? वर्षभराने एक पोरगा दुबईला गेला, दुसरा आयटीत. केबिनमध्ये आता प्लॉटर आहे म्हणतात.

तेव्हापासून मी एकच अट घालतो. ज्या प्रोजेक्टला मॉडेल, त्याचं वर्किंग ड्रॉइंग मॉडेलमधूनच निघेल. दोन्हीकडे एकाच वेळी काम करण्यात जी सुरक्षितता वाटते ती खोटी असते. घाई झाली की माणूस जुन्या हत्याराकडे पळतो, आणि घाई दर आठवड्यालाच असते.

म्हणूनच पहिलं काम निवडताना फार जपा. अगदी छोटा बंगला घेऊ नका, त्यात काही सिद्ध होत नाही. सगळ्यात मोठं, सगळ्यात बोंब असलेलं कामही नको. कन्सेप्ट ठरलेला, वर्किंग ड्रॉइंग सुरू व्हायची, क्लायंट ओळखीचा, आणि सर्व्हिसेसची थोडी तरी गुंतागुंत असलेलं, पार्किंगचं बेसमेंट, क्लिनिक, शाळा असं काहीतरी बघा. पुढच्या महिन्यात स्लॅब पडणार आहे असं काम कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका.

त्या कामात मॉडेलकडून काय हवं ते दोन ओळींत लिहा, तिसरी ओळ नको. माझं मत विचाराल तर सर्व्हिसेसचं कोऑर्डिनेशन आणि ड्रॉइंग आपसात जुळणं, बास. फोर-डी (वेळापत्रक जोडलेलं), फाइव्ह-डी पुढच्या वेळी. क्वांटिटीचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून तिथली गोम सांगतो. आपली मोजमापं आयएस १२०० या बांधकाम मोजायच्या भारतीय मानकाप्रमाणे होतात. प्लास्टर मोजताना अर्धा चौरस मीटरपर्यंतची ओपनिंग वजा करायचीच नसते, आणि त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत दोन्ही बाजूंना सारखं प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजा करतात. मॉडेलला हे माहीत नसतं. टॉयलेटचा ६०० बाय ६०० चा व्हेंटिलेटर, ०.३६ चौरस मीटर, ते दोन्ही बाजूंनी इमानेइतबारे वजा करतं. कॉन्ट्रॅक्टरच्या आरए बिलाशी (चालू कामाच्या हप्त्याच्या बिलाशी) आकडा जुळत नाही, बिलिंग इंजिनिअर म्हणतो मॉडेल खोटं, आणि त्याच्या बाजूने तो बरोबर असतो. दारं-खिडक्यांची संख्या घ्या, काँक्रीटचं घनफळ घ्या (बीम, स्लॅब, कॉलम एकमेकांत जिथे मिळतात तिथे कोण कुणाला कापतो हे आधी ठरवून), प्लास्टर-पेंटिंग हातानेच मोजू द्या.

माणसांकडे येतो. पाचच निवडा, आणि पाचही तरुण नकोत. आमच्या दुसऱ्या ऑफिसात एक ड्राफ्ट्समन काका होते, ट्रेसिंग पेपरवर रोटरिंग पेनने सुरुवात केलेले, ऑटोकॅडचे सगळे शॉर्टकट डाव्या हाताच्या बोटांवर. रेव्हिट शिकायला त्यांनी सरळ नकार दिला. 'मला माउसने गोल गोल फिरवायला लावू नका,' म्हणाले. आम्ही हट्ट केला नाही. फक्त दर शुक्रवारी मॉडेलमधून काढलेले सेक्शन ए-वन वर प्रिंट करून त्यांच्या टेबलावर ठेवायचो. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी जिन्याच्या सेक्शनवर लाल पेनने गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'डोकं आपटेल.' लँडिंगच्या बीमखाली उंची दोन मीटरला जेमतेम पोचत होती. मॉडेल करणाऱ्याच्या स्क्रीनवर तो जिना दहा दिवस गोल गोल फिरत होता, कुणाला दिसलं नव्हतं. दोन महिन्यांनी काका स्वतःहून म्हणाले, 'तो सेक्शन कुठून कापायचा ते मला दाखव, तुझा पोरगा नेहमी चुकीच्या जागी कापतो.' एवढंच ते शिकले. पुरेसं होतं.

ट्रेनिंग सगळ्या पस्तीस जणांना देऊ नका. दोन आठवड्यांच्या क्लासमध्ये नमुन्याचा बंगला काढायला शिकवतात, आणि लगेच काम हाती नसेल तर महिन्याभरात विसरायला होतं. निवडलेल्या पाच जणांना, काम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, तुमच्याच प्रोजेक्टवर शिकवा. साहेब आणि बाकी सीनियर यांना अर्धा दिवस: मॉडेल उघडणं, सेक्शन कापणं, शेरा लिहिणं. हा अर्धा दिवस चुकवू देऊ नका. साहेब जुन्या पीडीएफवर शेरे मारत राहिले तर खालचे सगळे जुन्या पीडीएफवरच काम करतात.

बाहेरचा माणूस घ्या, पण सहा महिन्यांसाठी, आणि मॉडेल करायला नव्हे, घडी बसवून द्यायला. मुलाखतीत रेंडर बघू नका. आधीच्या ऑफिसात फाइलींची नावं कुणी ठरवली होती, सेंट्रल फाइल (सगळे मिळून काम करतात ती मुख्य फाइल) बिघडली तेव्हा काय केलं, टेम्प्लेटमधून (प्रत्येक काम ज्यावरून सुरू होतं त्या कोऱ्या नमुना फाइलमधून) काय काय काढून टाकलं, हे विचारा. खरं काम केलेला माणूस या प्रश्नांवर हसतो आणि मग अर्धा तास बोलतो.

त्याच्याकडून पहिले तीन आठवडे टेम्प्लेटच करून घ्या. तुमचा टायटल ब्लॉक, तुमच्या रेषांच्या जाड्या, डायमेन्शन लिहायची तुमची पद्धत. ड्रॉइंग रेव्हिटमधून आलंय हे साइटवर कळताच कामा नये. सीनियर मंडळी बिमला नको म्हणतात त्यात निम्म्या वेळा कारण एवढंच असतं की प्रिंट कुरूप दिसते, आणि ते खरंच असतं. नेटवरून फुकट फॅमिली (रेव्हिटमधले दार, नळ असे तयार घटक) उतरवायला बंदी घाला. आमच्याकडे एकाने वॉशबेसिनचा नळ आणला होता, आतले आटेसुद्धा काढलेले. असे दोनशे नळ टाकल्यावर फाइल उघडायला चहा पिऊन यावं लागायचं.

मशीनबद्दल थोडक्यात: रॅम ३२ जीबी, एसएसडी, आणि प्रोसेसरमध्ये कोअरच्या संख्येपेक्षा वेग बघा, कारण रेव्हिटचं पुष्कळसं काम एकाच कोअरवर चालतं. सर्व्हरपर्यंतची नेटवर्क केबल आणि यूपीएस तपासा. सिंक होताना वीज गेलेली कुणालाच नको असते. आणि व्हर्जन! रेव्हिटची फाइल एकदा नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह झाली की जुन्यात उघडत नाही, मागे जायचा रस्ताच नाही. आमच्या एका ट्रेनीने शनिवारी संध्याकाळी उत्साहाने सेंट्रल फाइल अपग्रेड केली. सोमवारी बाहेरच्या कन्सल्टंटकडे कुणालाच ती उघडेना. बॅकअप शुक्रवारचा होता म्हणून एकाच दिवसाचं काम गेलं. प्रोजेक्ट सुरू होताना सगळ्यांचं मिळून कोणतं व्हर्जन ते ठरवा आणि प्रोजेक्ट संपेपर्यंत बदलू नका.

आयएसओ १९६५० चं, म्हणजे बिममधली माहिती कशी सांभाळायची त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, नाव तुम्ही घेतलंयत. २०१८ साली आलेलं हे मानक जुन्या ब्रिटिश मानकांवर उभं आहे. वाचा जरूर, पण सर्टिफिकेटच्या मागे आत्ता लागू नका. त्यातल्या दोन गोष्टी उचला. एक, फाइलची अवस्था: चालू काम, इतरांना दिलेलं, मंजूर होऊन प्रसिद्ध झालेलं आणि जपून ठेवलेलं, ही चार वेगळी कपाटं आहेत. एका कपाटातून दुसऱ्यात फाइल कुणीतरी तपासूनच जाते, व्हॉट्सॲपवरून नाही. दुसरी, बिम एक्झिक्युशन प्लॅन. चाळीस पानी नमुने मिळतात, ते कुणी वाचत नाही. तुमचा चार पानांत बसवा: कोण काय मॉडेल करणार, कोणत्या टप्प्याला किती बारकाईने, फाइलींची नावं, देवाणघेवाण कोणत्या वारी, आणि ओरिजिन, म्हणजे मॉडेलचा शून्य बिंदू, कुठे. शेवटचं विसरलात तर आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चरची मॉडेलं जोडल्यावर एक इमारत नाशिकला आणि दुसरी इगतपुरीला दिसेल.

बारकाईबद्दल एक सावधगिरी. मॉडेल किती बारकाईचं ते एलओडीच्या आकड्यात सांगतात. क्लायंटच्या कागदात 'एलओडी ५००' असं ठोकून दिलेलं असतं, कारण ३०० पेक्षा ५०० चांगलं वाटतं. ५०० म्हणजे बांधून झाल्यावर साइटवर मोजून पडताळलेलं मॉडेल. डिझाइन चालू असताना ते देताच येत नाही. सही करायच्या आधी हा शब्द बदलून घ्या. डिझाइन टीमला ३०० पुरतं, दाटीच्या जागी ३५०.

तुमच्या आराखड्यात मला सगळ्यात कच्चा दुवा दिसतो तो बाहेरचा एमईपी कन्सल्टंट. तो कॅडच देणार असेल, तर त्याचं मॉडेल तुमची पोरं करणार. मग त्याच्या चुका तुमच्या फाइलमध्ये येणार. मॉडेलिंगचे तास कुणाच्या फीमधून, आणि टक्कर सापडल्यावर ड्रॉइंग कोण सुधारणार, हे त्याच्याशी आत्ताच लेखी करा.

फीचा विषय साहेबांशी एकट्यात बोला. पॅट्रिक मॅकलीमी या अमेरिकी वास्तुरचनाकाराच्या नावाचा एक आलेख आहे, तो दाखवा. काम जितकं पुढे सरकतं तितका बदल महाग होत जातो, म्हणून मेहनत आधीच्या टप्प्यात घाला, असं तो सांगतो. पटणारं आहे. पण आपल्या फीचे हप्ते त्या आलेखाप्रमाणे येत नाहीत. मोठा हप्ता वर्किंग ड्रॉइंग हातात दिल्यावर, आणि तुमचे तास मात्र त्याच्या दोन-तीन महिने आधी संपलेले. आमच्या पहिल्या टिकलेल्या कामाला नेहमीच्या दीडपट तास लागले, दुसऱ्याला सव्वापट, तिसऱ्यापासून बरोबरी. हे पैसे कुठून येणार ते साहेबांनी आधी ठरवलं नाही तर पहिल्याच अडचणीच्या महिन्यात 'सध्या कॅडमध्येच उरका' असा आदेश येतो.

मुदतीचं स्पष्ट सांगा. ब्रिटिश सरकारने २०११ साली धोरण जाहीर केलं आणि केंद्र सरकारच्या कामांना बिम सक्तीचं केलं एप्रिल २०१६ पासून. त्यांनी पाच वर्षं घेतली, तुमचे साहेब तीन महिने म्हणताहेत. तीन महिन्यांत टेम्प्लेट तयार होईल, पाच माणसं हाताशी येतील आणि एक प्रोजेक्ट निम्म्या कोऑर्डिनेशनपर्यंत पोचेल. तो प्रोजेक्ट पूर्ण व्हायला वर्ष धरा, निम्मं ऑफिस यायला दोन.

राहिला शेवटचा प्रश्न, तीन महिन्यांनी दाखवायचं काय. 'चार हजार क्लॅश सापडले' असा नेव्हिसवर्क्सचा (मॉडेलमधल्या टकरी, म्हणजे क्लॅश, शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा) रिपोर्ट दाखवू नका. त्यातले बहुतेक पाइप आणि त्याचंच इन्सुलेशन असले असतात, आणि साहेब घाबरतील. फिरणारा थ्री-डी व्हिडिओही नको. मागच्या, कॅडमध्ये केलेल्या एखाद्या सारख्या कामाची फाइल आजच काढा आणि साइटवरून आलेल्या प्रत्येक शंकेची, प्रत्येक तोडफोडीची यादी करा, तारखेसकट. त्या दिवशी ती यादी टेबलावर ठेवा, शेजारी नव्या कामाच्या सगळ्यात दाटीच्या कॉरिडॉरचा एक सेक्शन ए-थ्री वर, डक्ट, पाइप, केबल ट्रे सगळ्यांच्या उंची लिहिलेला, आणि खाली कोणता निर्णय कुणी कोणत्या तारखेला दिला ते. यादीतल्या किती ओळी या कागदावर आधीच सुटल्यात, ते त्यांनाच मोजू द्या.

तुमचा एमईपी कन्सल्टंट मॉडेल द्यायला तयार आहे की नाही, आणि पहिलं काम कोणतं धरलंय, तेवढं कळवा. त्यावरून चार पानी प्लॅनमध्ये काय घालायचं ते सांगतो.